बिनखाड्याची भिंत

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की बाईंनी सगळं खापर त्या मोबाईलवर फोडलं. त्यातलं अर्धं खापर माझ्याच डोक्यावर फुटायला हवं. का, ते येईलच ओघात.

आमची शाळा सुप्याजवळ, पुणे रस्त्यापासून दोनेक किलोमीटर आत. दोन खोल्या, एक व्हरांडा, दारात एक लिंब, तेवीस पोरं आणि आम्ही दोन शिक्षक. पहिली-दुसरी मुख्याध्यापक सरांकडं, तिसरी-चौथी माझ्याकडं. मी रोज नगरहून येते. जिल्ह्याचं नाव बदललं, रस्त्यावरच्या पाट्या बदलल्या, पण परत जाताना एसटीत तोंडातून "एक नगर" असंच निघतं, आणि कंडक्टरही तिकीट फाडताना काही बोलत नाही.

व्हरांड्यात घंटेच्या मागं एक भिंत आहे. चौदा वर्षांपूर्वी मी या शाळेत आले तेव्हा तिच्यावर ऑइल पेंटनं मोठ्या अक्षरात लिहिलं, "बिनखाडा". पहिलीपासून चौथीपर्यंत जो एकही दिवस शाळा चुकवणार नाही, त्याचं नाव या भिंतीवर लागणार. 'गैरहजर' असं मुद्दामच लिहिलं नाही. एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या घरांत तो शब्द कुणी वापरत नाही, तिथं खाडाच म्हणतात, आणि खाडा म्हणजे काय हे पोरांना पाटी हातात यायच्या आधी कळलेलं असतं. चौदा वर्षांत त्या भिंतीवर फक्त तीन नावं लागली. पोरंच ती! लग्नाला जातात, जत्रेला जातात, मामाकडं जातात, ज्वारीच्या काढणीला जातात, आणि काही तर कुठंच न जाता नुसती घरी लोळतात. चार वर्षं बिनखाडा येणं हे काही येरागबाळ्याचं काम नाही.

गेल्या साली चौथं नाव लागणार, अशी लक्षणं दिसत होती. चौथीतली एक मुलगी. अंगानं काटकुळी, दोन घट्ट वेण्या, गळ्यात दोऱ्याला अडकवलेली घराची किल्ली. तिची आई सुप्याच्या एका कंपनीत पॅकिंगला. सकाळी सहाला पारापाशी कंपनीची बस येते, आई तिच्यात बसून जाते. वडील टेम्पोवर, आठवड्यातनं एकदा तोंड दाखवणार. म्हणून ही पोर स्वतःच उठायची, स्वतःच वेण्या घालायची, भाकरीचा डबा भरायची, कुलूप लावायची आणि सगळ्यांच्या आधी शाळेच्या पायरीवर येऊन बसायची. पहिली, दुसरी, तिसरी, एक खाडा नाही.

एकदा मी सहज विचारलं, "काय गं, कधी कंटाळा येत नाही का तुला?"

"खाडं झालं की काढून टाकत्यात ना बाई."

हे आईच्या कंपनीतलं. तिथं लागोपाठ तीन खाडे पडले की ठेकेदार सांगतो, उद्यापासून येऊ नको. मी तिला बजावलं, "अगं वेडे, शाळेतून कुणी काढत नसतं." तिनं मान डोलावली. पण पटलं नव्हतं तिला, ते दिसत होतं.

आता आमचे सर. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, स्वभावानं गरीब गाय, पण हातात मोबाईल आला की अंगात आल्यासारखे करतात. दिवाळीच्या सुट्टीत कुठल्याशा प्रशिक्षणाला गेले आणि येताना एक अ‍ॅप घेऊन आले. सकाळी परिपाठ झाला की सगळ्या पोरांचा मिळून एक फोटो काढायचा. आतली कृत्रिम बुद्धिमत्ता एकेक चेहरा ओळखणार, आणि चुटकीसरशी हजेरी लागणार.

"मॅडम, रोजची दहा मिनिटं वाचतील!" सर म्हणाले.

"वाचवून काय करू? लोणचं घालू त्यांचं?"

त्या दहा मिनिटांवर माझा जीव होता हो. मी नाव घ्यायची, पोरगं "हजर बाई" म्हणायचं, आणि तेवढ्या दोन शब्दांत मला कळायचं, कुणाला खोकला झालाय, कोण उपाशी आलंय, कोण घरून मार खाऊन आलंय. पण सर म्हणाले, आता कागदी हजेरी बंद, दोन दोन नोंदी ठेवल्या की घोळ होतो, ऑनलाईन तेच खरं. माझं डोकं सणकलं. मी माझं हजेरीपत्रक एका फडक्यात गुंडाळलं आणि लोखंडी कपाटावर भिरकावलं. "घ्या! आता तुमच्या यंत्रालाच हळदीकुंकू वाहा आणि आरती करा रोज." तेच फडकं पुढं माझ्या अंगाशी आलं.

यंत्राला आधी एकेका पोराचा चेहरा दाखवून ठेवावा लागतो. त्यासाठी सरांनी पालकांच्या ग्रुपवर निरोप टाकला, "उद्या मुलांचे फोटो काढायचे आहेत. तोंड स्वच्छ धुऊन पाठवावे." झालं! आमच्या गावात फोटो हा शब्द उच्चारला की आयांच्या अंगात दहा हत्तींचं बळ येतं. दुसऱ्या दिवशी पोरं आली ती पिठाच्या गिरणीतनं काढल्यासारखी. तोंडावर बोटभर पावडर, डोळ्यांत काजळ, गालावर तीट, पोरींच्या ओठांना लाली, केस मोकळे सोडून वर चमकीच्या पिना. एका पठ्ठ्यानं तर काकाचा गॉगल घातला होता, तो काढायला लावला तर भोकाड पसरलं त्यानं. कुणाच्या अंगावर गणवेश नाही, सगळे लग्नाच्या कपड्यांत. सरांना काय आनंद! "मॅडम, बघा, पालकांचा कसा प्रतिसाद आहे!" मीही हसत बघत बसले. पावडर पुसून घ्या, असं आम्हा दोन शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाही.

त्या दिवशी न नटता आलेली एकच, आमची ती किल्लीवाली. तिला गालगुंड झालं होतं. दोन्ही गाल कानापासून हनुवटीपर्यंत टम्म सुजलेले, अंगात कणकण, डोक्याला आईचा स्कार्फ बांधलेला. नियमानं मी तिला पायरीवरूनच परत पाठवायला हवं होतं.

"बाई, घरी न्हाई पाठवायचं. खाडा पडंल."

घरी पाठवून तरी काय, घरी होतं कोण? मी तिला लिंबाखाली वेगळं बसवलं, खिचडीचं ताट वेगळं दिलं. सरांनी लांबूनच तिचा स्कार्फ सोडायला लावून फोटो काढला. पुढं आणखी दोघांना गालगुंड झालं. ते पाप माझंच, मी ते नाकारत नाही.

यंत्र सुरू व्हायला आठ-दहा दिवस गेले, तोवर सर मोबाईलवर हातानंच हजेरी भरत होते, आणि हिचे गालही उतरले; मग हातानं भरायची सोय बंद झाली. त्या दिवशी परिपाठानंतर सरांनी ऐटीत मोबाईल उचलला, फोटो काढला आणि निकाल बघून त्यांचं तोंड एवढंसं झालं. समोर तेवीस पोरं बसलेली, आणि हजर चार!

"सर, बाकीची एकोणीस काय मी नगरहून डब्यात भरून आणली का?" मी म्हणाले. मला तर उकळ्याच फुटत होत्या.

सरांनी पुन्हा फोटो काढला, खिडकी उघडली, पोरांना उन्हात बसवलं, हजर पाच. मग माझ्याच डोक्यात प्रकाश पडला. यंत्रानं पाठ केली होती ती पावडर लावलेली, काजळ घातलेली तोंडं. रोजची शेंबडी, उन्हानं रापलेली आमची पोरं त्यानं बघितलीच कधी होती? दुसऱ्या दिवशी मी येताना सुप्याच्या बाजारातनं पावडरचा मोठा डबा घेतला. परिपाठ झाला की रांग लावायची, एकेकाच्या तोंडावर पावडर थापायची, पोरींचे केस सोडायचे, मग फोटो. हजर बावीस! वाचायची होती ती दहा मिनिटं, आणि जायला लागली पाऊण तास. शाळेला रोज लग्नघराचा वास यायचा. मी सरांना म्हणायची, "अक्षता पण आणू का हो?"

बावीसच, तेविसावी काही येईना. किल्लीवालीच्या नावापुढं रोज लाल फुली. पावडर लावून झाली, केस सोडून झाले, तोंड इकडं कर, तिकडं कर, सगळं झालं. यंत्राला ती काही सापडेना. फोटो झाला की ती सरांजवळ जाऊन उभी राहायची.

"सर, मी आले का?"

"आलीस गं, पण आली नाहीस," सर डोकं खाजवत म्हणायचे.

त्यावर मी हसायची, खोटं कशाला सांगू? समोर उभ्या पोरीला सर सांगतायत की तू आली नाहीस, हसू येणारच. ती मात्र हसत नव्हती. जागेवर जाऊन वहीच्या शेवटच्या पानावर एक रेघ ओढायची. मला वाटलं, पोर काहीतरी चित्र काढतेय.

सुटका झाली ती बोरांमुळं. आमच्या भागात थंडी पडली की बांधाबांधावर बोरं, आणि पोरांचे खिसे फुगलेले. वर्गात बोर खाल्लं की मी कान पिळते, हे सगळ्यांना ठाऊक. बाराव्या दिवशी मी अचानक वळले तशी या पोरीनं हातातली दोन बोरं घाईघाईनं तोंडात कोंबली, एक या गालात, एक त्या गालात, आणि तोंड मिटून साळसूदपणे समोर बघत बसली. नेमका तेव्हाच सरांनी फोटो काढला आणि ते किंचाळलेच.

"आली! मॅडम, ही आली! हजर तेवीस!"

"तोंडात काय आहे गं?" मी दरडावलं.

तिनं तोंड उघडलं. दोन बोरं बघितली आणि मी मटकन खुर्चीतच बसले. गालगुंड! यंत्राला या पोरीची ओळखच मुळी सुजलेल्या गालांची होती. ते बिचारं रोज त्या टम्म गालाच्या मुलीला शोधत होतं.

त्यानंतर महिनाभर नुसती धमाल. पोरंच तिच्यासाठी रोज दोन मोठी बोरं राखून ठेवायची. फोटोच्या आधी सर पुकारायचे, "पावडर? झाली. बोरं? भरली." आणि एवढ्या सगळ्याला आमचे सर आधुनिक पद्धत म्हणायचे. मी गावभर, नगरभर, माहेरी, सासरी हा किस्सा सांगितला आणि सगळ्यांना पोट धरून हसवलं. सरांनी मध्यंतरी चेहरे बदलून मिळावेत म्हणून अ‍ॅपवाल्यांकडं अर्ज टाकला होता, तो जानेवारीत मंजूर झाला. पुन्हा सगळ्यांचे फोटो घेतले, या खेपेला गणवेशात, तेलकट तोंडानं, जशी आहेत तशी. गाडी रुळावर आली. पावडरचा उरलेला डबा मी घरी नेला.

बोरं सापडायच्या आधीच्या अकरा दिवसांचं काय झालं, हे ना सरांनी विचारलं, ना मी.

मार्चमध्ये सरांनी वर्षाची हजेरी छापून घेतली आणि व्हरांड्यातल्या फळ्यावर लावली. मधल्या सुट्टीत पोरं तिथं गर्दी करून आपापली नावं बघत होती. मी आत वह्या तपासत होते. किल्लीवाली त्या दिवशी घंटा झाल्यावर कुणाशी न बोलता घरी गेली, एवढं मला आठवतं. तेव्हा मात्र ते मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी परिपाठ चालू असताना फाटकातून एक बाई आत आली. अंगावर कंपनीचा निळा कोट, मागं मान खाली घालून ती पोर. पालकसभेलासुद्धा जिला कधी येता आलं नव्हतं ती तिची आई आज कामाच्या दिवशी, बस सोडून, शाळेत उभी होती.

"बाई, एक इचारायचं हुतं."

"बसा की."

ती बसली नाही. "काल ही म्हनली, माझं अकरा खाडं लागल्यात. म्या इचारलं, अकरा दिस कुठं गेल्तीस? तर म्हनती, शाळेतच हुते. म्या सकाळी सहाला जाते, मला काय दिसतंय? लई राग आला. दोन ठेवून दिल्या तिला." एवढं बोलून ती थांबली. "पर रातभर डोळा लागला न्हाई. माझी पोर खोटं बोलत न्हाई बाई. आन मशीन बी खोटं बोलत न्हाई म्हनत्यात. आमच्या कंपनीत गेटवर तोंड दाखवायचं मशीन हाय, ते न्हाई म्हनलं की आमी न्हाईच. तितं कोन ऐकून घेतंय? आज म्या खाडा केलाय. तुमी सांगा, ही हितं हुती का न्हवती?"

तीन-चार महिने ज्या गोष्टीवर मी हसत होते, त्या गोष्टीपायी या पोरीनं मार खाल्ला होता.

"होती हो, होती! रोज होती!" मी म्हणाले आणि पाय आपटत कपाटाकडं गेले. फडकं खाली ओढलं, धुळीचा लोट उठला. हजेरीपत्रक उघडलं. दिवाळीपर्यंत तिच्या नावापुढं ओळीनं "ह", "ह", "ह". दिवाळीनंतर सगळी पानं कोरी. रागाच्या भरात मी ती वही फेकली नसती, रोज दोन मिनिटं खर्चून एक अक्षर लिहिलं असतं, तर आज त्या माऊलीसमोर ठेवायला माझ्याकडं काहीतरी असतं. माझी मलाच इतकी लाज वाटली की वर बघवेना.

"मॅडम, थांबा," सर म्हणाले. त्यांनी मोबाईल काढला. "फोटो आहेत माझ्याकडं. रोजचे. मी काही काढून टाकत नाही."

आईला त्यांनी आपल्या खुर्चीत बसवलं आणि पहिल्या दिवसाचा फोटो समोर धरला. तेवीस पोरं मांडी घालून बसलेली. पोर तिसऱ्या रांगेत, दोन वेण्या, गळ्यात किल्ली. सरांनी पुढचा फोटो दाखवला. मग त्याच्या पुढचा. मी मागं उभी राहून बघत होते, आणि पाचवा-सहावा फोटो आला तशी मी पुढं वाकले. ती दुसऱ्या रांगेत आली होती. सातव्याला दुसऱ्या रांगेत गुडघ्यांवर उभी. आठव्याला पहिल्या रांगेच्या कडेला. नवव्याला अगदी मध्ये. अकराव्या दिवशी ती सगळ्यांच्या पुढं, एकटीच, मोबाईलच्या जवळ सरकून बसलेली, तोंडभर पावडर, डोळे ताणून मोठे केलेले, पापणीसुद्धा लवू न देता सरळ समोर बघणारी. मागची सगळी पोरं खिदळत होती. ती तेवढी यंत्राला आपलं तोंड दाखवत होती.

अकरा दिवस ती रोज थोडी थोडी पुढं सरकत होती. आम्ही दोघं तिथंच होतो, आणि आमच्या ते लक्षात आलं नव्हतं.

आईनं त्या शेवटच्या फोटोवर बोट ठेवलं. फोटो मोठा झाला, पोरीचा चेहरा काचभर पसरला.

"ही काय," ती म्हणाली. "हितं तर हाय की. येवढी म्होरं बसलीय."

तिनं पोरीला जवळ ओढलं, किल्लीच्या दोऱ्यात अडकलेली वेणी सोडवली, आणि काल जिथं मारलं असेल त्या गालावरून हात फिरवत राहिली. सरांनी फळ्यावरचा कागद काढून घडी करून खिशात घातला. म्हणाले, "ऑनलाईनचे खाडे आता मला पुसता येत नाहीत. मागच्या तारखा उघडतच नाहीत. पण भिंत आपली आहे, मॅडम." निकालाच्या दिवशी त्यांनीच ब्रश घेतला, कारण त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा वळणदार. नाव मी इथं लिहीत नाही. ज्याला बघायचं त्यानं घंटेच्या मागं बघावं, चौथं.

फोटो बघितले त्या दिवशी आई लगेच परत गेली नाही. "आता पडलाच हाय खाडा, तर बसते घडीभर," म्हणाली आणि वर्गात मागं भिंतीला टेकून बसली. मी धुळीनं भरलेलं हजेरीपत्रक टेबलावर झटकलं, आणि दिवाळीनंतर पहिल्यांदा एकेक नाव घेऊन हजेरी घ्यायला लागले. "हजर बाई", "हजर बाई", पोरं जुन्याच तालात ओरडत होती. किल्लीवालीचं नाव घेतलं आणि उत्तर आलं नाही. मी मान वर केली. ती मागं वळून आईकडं बघत होती.

आई उठून उभी राहिली. निळ्या कोटाच्या बाहीनं तिनं डोळे पुसले आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हजर हाय बाई. म्या बघितलंय."